दुकाने व आस्थापना अधिनियम, महाराष्ट्र

दुकाने, व्यापारी कार्यालये, उपाहारगृहे इ. कारखान्यांच्या कक्षेबाहेरील आस्थापनांमधील नोकरांचे कामाचे तास, विश्रांती, सुट्या व रजा यांचे नियमन करणारा राज्याचा कायदा. कारखानाविषयक कायद्यांनी यंत्रावरील कामगारास संरक्षण दिले, तरी पेढीवरील कारकून व दुकानातील नोकर दीर्घकाळ त्यापासून वंचित राहिले. ही उणीव भरून काढण्यासाठी मुंबई प्रांताने १९३९ मध्ये देशातील या स्वरूपाचा पहिला कायदा केला. १९४८ मध्ये त्याची जागा नव्या अधिनियमाने घेतली. वर्धा जिल्हा त्या वेळी मध्य प्रांत व वऱ्हाडात असल्याने तेथे त्या प्रांताचा १९४७ चा स्वतंत्र अधिनियम होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला व पुढे १९४८ चा अधिनियम तेथेही विस्तारित झाला. व्यापाऱ्याच्या हाताखालील कारकुनास ‘गुमास्ता’ म्हणत. त्यावरून या कायद्याखालील नोंदणीस ‘गुमास्ता परवाना’ हे नाव रूढ झाले.

१९ डिसेंबर २०१७ पासून १९४८ च्या अधिनियमाऐवजी नवा अधिनियम अंमलात आला. दुकाने उघडण्या-मिटण्याच्या वेळांवरील सर्वसाधारण बंधन त्याने काढले आणि निरीक्षकाऐवजी ‘सुविधाकार’ हे पद निर्माण केले. कामाची साप्ताहिक मर्यादा ४८ तास असून जादा कामास दुप्पट दराने वेतन द्यावे लागते. आठवड्यातून एक दिवस सुटी, वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा व ८ सणांच्या भरपगारी सुट्या मिळतात. २४० दिवस काम केलेल्या नोकरास दर २० दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा मिळते. पन्नास वा अधिक कामगार असल्यास पाळणाघराची सोय बंधनकारक आहे.

हे हक्क संख्येवर अवलंबून आहेत. मूळ अधिनियमात ही मर्यादा दहा कामगारांची होती. २०२५ मध्ये ती वीस करण्यात आली आणि दैनिक कामाचे तास ९ वरून १०, तर तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादा १२५ तासांवरून १४४ तास झाली. वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या मालकास नोंदणी करावी लागत नाही. व्यवसाय सुरू केल्याची सूचना दिली की पुरते. हिंगणघाट वा आर्वीच्या बाजारपेठेतील ज्या दुकानात बारा-पंधरा नोकर आहेत, तेथे मालकाचा कागदोपत्री भार यामुळे हलका झाला. मात्र वर उल्लेखिलेल्या रजा व सुट्या तेथील नोकरास या अधिनियमाच्या आधारे मागता येत नाहीत.

तथापि सूचना देणे म्हणजे सर्व कामगार कायद्यांतून सूट मिळणे नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या वेतन संहितेनुसार एकच नोकर असला, तरी किमान वेतन देणे आवश्यक आहे. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावे लागते आणि समान कामासाठी स्त्री-पुरुषांत भेद करता येत नाही. चौदा वर्षांखालील मुलास नोकरीस ठेवणे हा गुन्हा आहे. कामगार कल्याण निधीची वर्गणी पाच नोकरांपासून, उपदान दहापासून व भविष्यनिर्वाह निधी वीसपासून लागू होतो. लहान व्यावसायिकाच्या दृष्टीने नोकरांची हजेरी व वेतन यांची नोंद म्हणूनच महत्त्वाची ठरते. कोणता कायदा लागू आहे, हे तीवरून ठरते. वेतनाविषयी वाद उद्भवल्यास मालक व नोकर या दोघांनाही तोच पुरावा उपयोगी पडतो.