लघुपट हातात आला, घरात आला काय?

उत्तर नागपुरातील जरीपटका ही फाळणीनंतर वाढलेली वस्ती. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी येथे संसार नव्याने मांडले, दुकाने थाटली. शेजारच्या इंदोरा परिसरात १९५६ च्या धम्मदीक्षेने ज्यांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले, अशी कुटुंबे राहतात. अशा ठिकाणी घरातील मतभेद हा केवळ घरापुरता मामला राहत नाही. दुकानाच्या गादीवर बसण्यास नकार देणारा मुलगा, नोकरीसाठी परगावी निघालेली मुलगी, जातीबाहेरच्या विवाहाचा आग्रह यांच्यामागे समाजाचा सारा इतिहास उभा असतो.

हे ताण मांडण्यास लघुपटाइतके सुटसुटीत साधन दुसरे नाही. त्याला नामवंत नट लागत नाहीत, गाणी लागत नाहीत. एक खोली आणि चार माणसे पुरतात. उमेश कुलकर्णी यांच्या 'गिरणी' या लघुपटात उदरनिर्वाहासाठी आई घरातच पिठाची गिरणी बसविते आणि तिच्या घरघरीने मुलाचे बालपण ढवळून निघते. नागराज मंजुळे यांच्या 'पिस्तुल्या'तील मुलाला शाळेची ओढ आहे, पण घरचे दारिद्र्य त्याला चोरीच्या वाटेवर नेते. त्यांच्याच २०१७ च्या 'पावसाचा निबंध'मध्ये शाळेने पावसाच्या सौंदर्यावर निबंध लिहावयास सांगितला आहे. आणि घरी छप्पर गळते आहे, दारूच्या नशेतील बापाला भर पावसातून घरी आणावयाचे आहे. निबंध तपासणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हा लघुपट एकदा तरी पाहावा. या तिन्ही कृतींत कोणावरही खलनायकाचा शिक्का मारलेला नाही. त्यांची खरी ताकद यातच आहे.

एके काळी लघुपट म्हटला की १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट आठवत. मुख्य चित्रपटापूर्वी ते दाखविले जात. त्यांचा स्वर सरकारी असे. परंतु ते पाहणारे शेकडो लोक एकाच अंधारात शेजारी शेजारी बसलेले असत. आज स्वर मोकळा झाला आहे. हातातल्या मोबाईलवर चित्रीकरण होते आणि त्याच मोबाईलवर ते पाहिलेही जाते. मात्र पाहणारा एकटा असतो. बापलेकांच्या बेबनावावरील लघुपट मुलगा कानात बोंडे घालून एका खोलीत पाहतो आणि बाप दुसऱ्या खोलीत झोपलेला असतो. मुलाला त्यात आपल्या बाजूचा पुरावा तेवढा सापडतो. बापाची बाजू तेथे मांडली जातच नाही.

'घरची लक्तरे वेशीवर कशाला टांगावयाची?' असा आक्षेप वडीलधाऱ्यांकडून येतो. तो अगदीच निराधार नव्हे. परंतु पडद्यावरचे घर दुसऱ्याचे असते, हाच तर या माध्यमाचा मोठा गुण आहे. आपल्या घरातील भांडणावर जे आईबाप आणि मुले पाच मिनिटे शांतपणे बोलू शकत नाहीत, ती परक्या घरातील त्याच भांडणावर तासभर बोलू शकतात. बोलता बोलता ती स्वतःविषयीच बोलू लागतात. पण त्याची वाच्यता कोणासच करावी लागत नाही.

नागपुरात गुणांची वाण नाही. निर्वासित सिंधी कुटुंबात येथे जन्मलेले राजकुमार हिरानी यांचे वडील शहरात टंकलेखन संस्था चालवीत. मुलाला मात्र चित्रपटाचे शिक्षण घेण्यासाठी पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट गाठावी लागली. २०२२ साली प्रदर्शित झालेल्या 'झुंड'मध्ये नागपूरच्या वस्त्यांतील मुलांनी, अभिनयाचे कोणतेही शिक्षण नसताना, कसलेल्या नटांच्या बरोबरीने कामे केली. चित्रीकरणाचे साधन आता घरोघरी आहे. उणीव आहे ती एकत्र बसून पाहण्याच्या जागेची.

ती जागा निर्माण करण्यास फार मोठा खर्च येत नाही. शाळेचे सभागृह, ग्रंथालयाची खोली, विहाराचे किंवा दरबाराचे अंगण, एक पांढरी चादर आणि महिन्यातून एक संध्याकाळ एवढ्यावर भागते. वस्तीतील विद्यार्थ्यांनी केलेले लघुपट तेथे त्यांच्या पालकांसमोर दाखवावेत आणि नंतर अर्धा तास चर्चा व्हावी. शिक्षकांनी पुढाकार घेतला तर हे अशक्य नाही. अट एकच असावी : शेवटी उपदेश नको आणि निकालही नको.

या कामात दिरंगाई परवडणारी नाही. फाळणीच्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. आजोबांचा हट्ट कोणत्या भयातून आला, हे नातवाला समजावून सांगणारे आवाज एकामागून एक मावळत आहेत. नातवाच्या हातात कॅमेरा आहे. तो आजोबांकडे वळावा, आणि जे टिपले जाईल ते दोघांनी एकाच बाकावर बसून पाहावे.