डॉक्टर व्हायचे, म्हणून गणित सोडू नका!

देवरूखच्या आपल्या वस्तीतली मुलगी हुशार निघाली की घरात एकच शब्द निघतो – डॉक्टर. मग अकरावीला जीवशास्त्र घेऊन गणित सोडले जाते. पालकहो, घाई करू नका! ईसीजी, डायलिसिस, व्हेंटिलेटर ही यंत्रे घडविणारे, चालती ठेवणारे जैववैद्यकीय अभियंते असतात. ही चार वर्षांची पदवी आहे. पण अभियांत्रिकीची सीईटी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणिताची असते. म्हणून मुलीला दोन्ही विषय घेऊ द्या. दोन्ही वाटा खुल्या राहतील.

देवरूखजवळ आंबव येथे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. या शाखेसाठी मात्र बाहेरगावी जावे लागू शकते. १९९० च्या कायद्याने बौद्धांना केंद्राच्याही सवलती मिळाल्या. दाखल्याअभावी त्या हुकू नयेत. जात वैधता प्रमाणपत्र आताच काढा. जयभीम!