माहेरचं रक्त, सासरचा केस पेपर

श्रेयस तळपदे आणि सुश्मिता सेन यांना 2023 या एकाच वर्षी हृदयविकाराचा झटका आला. दोघांचंही वय तेव्हा 47. घरात आधीपासून हृदयविकार असल्याचं दोघांनीही पुढे मुलाखतींत सांगितलं. 29 सप्टेंबरला जागतिक हृदय दिन असतो. त्या दिवशी कोल्हापुरात तंबाखूवर, तांबड्या रश्श्यावरच्या तर्रीवर व्याख्यानं होतात. रक्तातून आलेल्या धोक्याबद्दलही बोललं पाहिजे, विशेषतः बायकांच्या.

स्वीडनमधल्या जुळ्यांवरचा 1994 सालचा अभ्यास आजही डोळे उघडतो. एकसारख्या जुळ्या भावांपैकी एक जण पंचावन्नच्या आत हृदयविकाराने गेला असेल, तर दुसऱ्याला तशाच मृत्यूचा धोका आठपट होता. बहिणींमध्ये एक पासष्टच्या आत गेली असेल, तर दुसरीला तो पंधरापट होता.

म्हणून डॉक्टर दोन वयं विचारतात. वडील किंवा भावाला 55 च्या आधी, आई किंवा बहिणीला 65 च्या आधी त्रास झाला का?

काही घरांत एकाच जनुकातल्या दोषामुळे वाईट कोलेस्टेरॉल जन्मापासून चढं राहतं. अडीचशेत साधारण एकाला हा दोष असतो आणि तो मुलात किंवा मुलीत उतरण्याची शक्यता सारखीच, निम्मी. दुसरा छुपा घटक म्हणजे लायपोप्रोटीन-ए. दर चार भारतीयांत एकाच्या रक्तात तो जास्त असतो आणि पथ्याने फारसा हलत नाही. त्याची तपासणी आयुष्यात एकदा तरी करावी, असं भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2024 मध्ये सांगितलं.

पण माहिती द्यायची कुणी? कोल्हापुरातलं सीपीआर रुग्णालय असो की राजारामपुरीतला खासगी दवाखाना, छातीत कळ आलेल्या सुनेबरोबर बहुतेकदा नवरा, सासू, दीर येतात. ‘घरात कुणाला हार्टचा त्रास?’ याचं उत्तर सासरचं मिळतं. तिचे आजोबा, मावशी, मामा कशाने गेले, हे तिथल्या कुणाला ठाऊक नसतं. ही चूक जिवावर बेतू शकते.

अनुवंश म्हणजे अटळ नशीब नव्हे. जनुकीय धोका सर्वाधिक असलेल्यांनीही धूम्रपान टाळलं, वजन आवरलं, व्यायाम आणि नीट आहार सांभाळला, तर हृदयविकाराचा धोका जवळजवळ निम्म्याने घटतो, असं 2016 च्या अमेरिकी अभ्यासात दिसलं.

येत्या भाऊबीजेला माहेरी गेलात की घरातल्या मृत्यूंची कारणं आणि वयं विचारून लिहून ठेवा. आणि भावाबहिणींनी मिळून कोलेस्टेरॉल तपासून घ्या.