हैदराबादच्या देवड्या

मराठीत देवडी म्हणजे वाड्याच्या दरवाजाआतील पहारेकऱ्याची बसण्याची जागा. हैदराबादेत मात्र हा शब्द अख्ख्या वाड्याला लावतात. घराला दाराच्या नावाने ओळखावे, यातच त्या घराचे मर्म आले.

चारमिनाराच्या पश्चिमेस हुसैनी आलम आणि दक्षिणेस शहाअलीबंडा या वस्त्यांतून पायी हिंडणाऱ्यास देवडीचे दर्शन एकदम होत नाही. गल्लीच्या बाजूने दिसते ती उंच, बिनखिडक्यांची भिंत आणि तीत एक भव्य कमान. कमानीच्या आत चौकी, पुढे मर्दान्याचा चौक. येथे दिवाणखाना, कचेरी आणि पाहुण्यांची सोय. त्यामागे वेगळ्या भिंतीआड जनाना. चौकाच्या मध्यभागी हौद व भोवती ओवऱ्या असल्याने उन्हाळ्यातही आत गारवा राही. घराचे तोंड रस्त्याकडे नसून आकाशाकडे असे, म्हणा ना!

हुसैनी आलममधील खुर्शीदजाह देवडीसमोर मात्र पाहणारा थबकतो. येथे उभे आहेत युरोपीय घाटाचे उंच खांब! या आवडीचे मूळ मुसी नदीपलीकडच्या कोठी भागात सापडते. १८०३ च्या सुमारास इंग्रज रेसिडेंट कर्कपॅट्रिक याने तेथे खांबांच्या सज्जाचे विशाल निवासस्थान बांधावयास घेतले. पुढे शहरातील अमीर-उमरावांनी तो घाट उचलला. खांब पाश्चात्त्य झाले, तरी जनान्याचा चौक आपल्या जागी राहिला. दर्शनी भाग पाहुण्यांसाठी, आतला भाग घरासाठी, अशी ही वाटणी होती.

मराठी वाचकाला शहाअलीबंडा अधिक जवळचा वाटावा. निजामाच्या मराठी मुलखाचे दप्तर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारे राय रायान हे मराठी ब्राह्मण घराणे येथलेच. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घड्याळाच्या मनोऱ्यावर निरनिराळ्या लिपींतील अंक आहेत. ज्या वस्तीत अनेक भाषा नांदत होत्या, तिची ती खूणच होय.

देवडी चालत असे ती जहागिरीच्या उत्पन्नावर. १९४९ साली जहागिऱ्या रद्द झाल्या आणि तो झरा आटला. नोकरचाकर गेले, वारसांत वाटण्या झाल्या, दुरुस्ती परवडेनाशी झाली. जागेचे मोल मात्र वाढतच गेले. मालवाला घराण्याच्या देवडीतील कोरीव लाकडी काम नामांकित होते. तिचा मोठा भाग २००० साली पाडला गेला. उलट, टेकडीवरील इर्रम मंझिल पाडून तेथे विधानभवन उभारण्याचा सरकारी निर्णय उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द ठरविला. म्हणजे नाश अटळच असतो असे नव्हे. नागरिक जागे असले आणि कायद्याचा आधार मिळाला, तर वास्तू वाचू शकते.

जेथे तसे घडले नाही, तेथे काय उरते, हे दिवाण देवडीत पाहावे. सालारजंग घराण्याचा हा वाडा. सालारजंग संग्रहालय १९५१ साली प्रथम येथेच उघडले आणि १९६८ मध्ये नव्या इमारतीत गेले. आज तेथे गजबजलेला बाजार आहे. वाडा नाहीसा झाला, कमानी तेवढ्या राहिल्या. देवडी या शब्दाचा अर्थ तेथे पुन्हा मराठीतल्यासारखा दारापुरताच उरला आहे.