मूत्रवाहिनीतील धातूची नळी : कोणासाठी व कशी जपावी

गोडादरा परिसरातील आपल्या कुटुंबांना मूतखड्याचा आजार नवा नाही. दिवसभर उन्हात राबायचे आणि पाणी मात्र कमी प्यायचे, हे त्याचे एक मोठे कारण आहे. खडा काढल्यावर ‘आत नळी ठेवली आहे’ असे डॉक्टरांनी सांगितलेले पुष्कळांच्या ऐकिवात असेल. आता धातूचीही नळी मिळते. ती काय आहे व कोणाला उपयोगी पडते, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

मूत्रपिंडातील लघवी मूत्रवाहिनीतून मूत्राशयात उतरते. मोठ्या माणसाची मूत्रवाहिनी सुमारे २५ ते ३० सेंटिमीटर लांब आणि जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद असते. शेताचा पाट मध्येच बुजला की पाणी मागे तुंबते. तसेच ही वाहिनी अरुंद झाली की लघवी मागे तुंबून मूत्रपिंड फुगते. अडकून राहिलेला खडा, मूत्रमार्गाचा क्षय, पूर्वीची शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा बाहेरून पडणारा दाब, ही त्याची कारणे आहेत. वाहिनी हळूहळू अरुंद होत गेली तर कधीकधी दुखतही नाही, आणि मूत्रपिंड मात्र निकामी होत जाते.

दुर्बिणीतून सिलिकॉनची नळी आत बसवण्याची पद्धत १९६७ साली प्रसिद्ध झाली. दोन्ही टोके वळलेली, जागेवरून न सरकणारी ‘डबल जे’ नळी १९७८ साली आली. त्याच वर्षी आपल्या गुजरातेत नडियाद येथे मूलजीभाई पटेल मूत्ररोग रुग्णालय सुरू झाले.

प्लॅस्टिकची नळी साधारणपणे ३ ते ६ महिन्यांनी बदलावी लागते. शिवाय बाहेरून गाठीचा दाब आला तर ती चेपते. अशा वेळी धातूची नळी उपयोगी पडते. एका प्रकारात बारीक तारेची घट्ट गुंडाळी असते. ती सहसा चेपत नाही व १२ महिन्यांपर्यंत ठेवता येते. दुसरा प्रकार निकेल व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूचा असतो. गरम पाणी सोडले की त्याचे टोक फुलून जागेवर घट्ट बसते, आणि काढताना थंड पाणी सोडले की तो मऊ पडतो. या नळ्या बहुधा लघवीच्या मार्गाने दुर्बिणीतून बसवतात. पोटावर चिरा द्यावा लागत नाही.

तथापि धातूची नळी सर्वांसाठी नाही. ती महाग असते, जागेवरून सरकू शकते व तिच्यावरही क्षार जमतात. तरुण, धडधाकट रुग्णाची वाहिनी थोड्याच भागात अरुंद असेल, तर शस्त्रक्रियेने ती दुरुस्त करणे बहुधा अधिक टिकाऊ ठरते. कर्करोगाचे रुग्ण, वारंवार नळी बदलावी लागणारे आणि मोठी शस्त्रक्रिया न सोसणारे, यांच्यासाठी मात्र तिचा विचार होतो.

नळी प्लॅस्टिकची असो वा धातूची, ती विसरणे सर्वांत घातक. पेरणीसाठी गावी जायचे, दुखणे थांबलेले असते आणि तारीख टळते. मग नळीवर खडे चढतात, ती काढणे अवघड होते व मूत्रपिंड गमावण्याची पाळी येते. म्हणून एवढे करावे :

१. नळी कोणत्या बाजूला, कोणत्या प्रकारची व केव्हा बसवली, आणि ती कधी काढायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. तो कागद घरातील दुसऱ्यालाही दाखवून ठेवावा.
२. लघवी वारंवार लागणे, ती करताना कमरेत दुखणे किंवा थोडी लालसर होणे, हे नळीमुळे होऊ शकते. पण थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा रक्ताच्या गाठी पडल्या, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.
३. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर भरपूर पाणी प्यावे.
४. खडा पडून गेला तरी सांगितलेली सोनोग्राफी चुकवू नये. सुरतेत नवी सिव्हिल व स्मीमेर ही सार्वजनिक रुग्णालये आहेत. आयुष्मान कार्ड असल्यास कोणता खर्च त्यात बसतो, हे आधीच विचारावे.

ज्यांच्या घरी कोणाच्या शरीरात अशी नळी आहे, त्यांनी आजच तो कागद काढून तारीख पाहावी, ही आमची विनंती.