एक पेला पोर्ट, एक वाडगं सूप: पोर्तुगालच्या दौरो खोऱ्याची सफर

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ऐकताना पोर्तुगीज नावं डोक्यावरून गेली, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. चहा घ्या, निवांत वाचा.

वाइनच्या गावांची रील्स तुम्ही पाहिलीच असतील. एक हात, हातात पेला, मागे हिरवा डोंगर आणि वर मस्त गाणं. आज आपण तो पेला थोडा वेळ बाजूला ठेवू आणि मागचा डोंगर नीट बघू. कारण उत्तर पोर्तुगालमधल्या दौरो नदीच्या खोऱ्यात तो डोंगर जसा दिसतो तसा निसर्गाने दिलेला नाही. तो माणसांनी हाताने रचलाय. आणि त्या माणसांच्या ताटात काय होतं हे कळलं, की पेल्यातल्या वाइनची चवसुद्धा वेगळी लागते.

गाडीत उजवीकडची खिडकी धरा

सुरुवात पोर्तो शहरातून. तिथलं साओं बेंतो स्टेशन बघायलाच लोक येतात. आत भिंतींवर निळ्या-पांढऱ्या टाइल्सची प्रचंड चित्रं आहेत, सुमारे २०,००० टाइल्स. चित्रकार जोर्जे कोलासो. पोर्तोहून निघणारी दौरो लाइनची गाडी पकडायची आणि उजव्या बाजूच्या खिडकीत बसायचं. पहिला तासभर साधी गावं, शेतं, घरामागचे कोबीचे वाफे. मग एकदम नदी येते आणि पुढे रूळ जवळजवळ पाण्याला चिकटूनच धावतात. सुमारे दोन तासांत रेग्वा, अडीच तासांत पिन्यांव. हा मार्ग पोसिन्यू या शेवटच्या स्टेशनपर्यंत १८८७ मध्ये पूर्ण झाला.

रेग्वाला एक गंमत आहे. पांढरे एप्रन घातलेल्या बायका टोपलीत कागदात गुंडाळलेल्या गोळ्या विकताना दिसतात. साखर, मध, लिंबू, बस. या गोळ्यांना म्हणतात रेबुसादोश. आपल्याकडे कर्जतला गाडी थांबली की वडापाव, तशी इथे ही गोळी.

भिंती कोणी बांधल्या?

आता खिडकीबाहेर बघा. डोंगराच्या तळापासून माथ्यापर्यंत पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर द्राक्षाच्या वेली. इथला खडक शिस्ट जातीचा, म्हणजे पापुद्रे सुटणारा, पाटीसारखा. माती जवळजवळ नाहीच. लोकांनी पहारीने खडक फोडला, त्याच दगडांच्या भिंती रचल्या (चुना नाही, सिमेंट नाही) आणि फुटलेल्या चुऱ्यालाच माती मानून वेल लावली. हा खडक उभा चिरतो, म्हणून वेलीची मुळं भेगांमधून खोल जातात आणि कडक उन्हाळ्यातही पाणी शोधून काढतात.

आणि उन्हाळा खरंच कडक! पश्चिमेला मारांव नावाचा डोंगर आहे. अटलांटिकवरून येणारे पावसाचे ढग तो अडवतो. आपल्या सह्याद्रीमुळे कोकणात धो-धो आणि माणदेशात कोरडं, तसंच हे गणित. नदीच्या वरच्या भागात पारा चाळिशी ओलांडतो. तिथली माणसं म्हणतात, इथे नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक.

या भिंतींमध्ये काही ओसाड पायऱ्या दिसतील. त्यांना तिथे 'मोर्तोरियू' म्हणतात. शब्दातच मरण आहे. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेली फिलॉक्सेरा नावाची बारीक कीड दौरोत पोचली आणि वेलींची मुळं खाऊन गेली. बागाच्या बागा वाळल्या. पुढे अमेरिकन वेलीच्या मुळावर युरोपियन वेलीचं कलम करायचं, हा उपाय सापडला, कारण अमेरिकन मुळं या किडीला पुरून उरतात. पण तोवर कितीतरी कुटुंबं गाव सोडून गेली होती. त्यांच्या पायऱ्या तशाच राहिल्या, काहींवर ऑलिव्ह किंवा बदामाची झाडं आली. म्हणजे फोटोत सुंदर दिसणारा तो डोंगर एका अर्थी हिशेबाची वही आहे. कोण टिकलं आणि कोण गेलं, सगळं त्यात लिहिलंय.

पोर्ट म्हणजे नेमकं काय?

आता पेल्याकडे येऊ. साध्या वाइनमध्ये द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर यीस्ट खाऊन टाकतं आणि त्याचं अल्कोहोल होतं. पोर्टमध्ये ही क्रिया मध्येच थांबवतात. साधारण निम्मी साखर शिल्लक असताना रसात ७७ टक्के अल्कोहोल असलेलं द्राक्षाचं स्पिरिट ओततात. यीस्ट तिथेच मरतं, साखर राहते. म्हणून पोर्ट गोड आणि तेज, साधारण १९ ते २२ टक्के.

पूर्वी सगळी द्राक्षं पायांनीच तुडवायचे, आणि काही ठिकाणी आजही तुडवतात. ग्रॅनाइटच्या उथळ हौदात माणसं खांद्याला खांदा लावून रांगेत उभी राहतात आणि पहिले दोनेक तास कवायतीसारखी एका तालात पावलं टाकतात. त्यानंतर 'लिबेरदाद', म्हणजे मोकळीक: वाद्यं वाजतात, लोक हौदातच नाचतात. पायच का? कारण पायाने साल फुटते पण बी फुटत नाही. बी फुटली तर कडवटपणा उतरतो.

माल इथला, नाव खाली शहराचं

मंडळी, इथे गोष्टीला वळण आहे. द्राक्षं दौरोची, मग वाइनचं नाव 'पोर्ट' का? कारण पिंपं नदीतून खाली पोर्तोच्या बंदराकडे जायची आणि समोरच्या काठावर, विला नोव्हा द गायाच्या थंड गोदामांत मुरायची. गिऱ्हाईक मुख्यतः इंग्रज. १७०३ च्या मेथुएन करारानुसार इंग्लंडमध्ये पोर्तुगीज वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा कमी कर लागायचा. धंदा वाढला तशी भेसळही वाढली. रंग गडद दिसावा म्हणून एल्डर नावाच्या झाडाच्या काळ्या फळांचा रस मिसळायचे.

मग १७५६ मध्ये पोर्तुगालचा ताकदवान मंत्री, जो पुढे मार्केस द पोंबाल म्हणून ओळखला गेला, त्याने एक सरकारी पाठबळाची कंपनी काढली, खोऱ्याची हद्द ठरवली आणि सीमेवर तीनशेहून जास्त ग्रॅनाइटचे खांब रोवले. एल्डरची झाडं उपटून काढायचा हुकूमही दिला. हद्द आखून नियमात बांधलेल्या जगातल्या सर्वांत जुन्या वाइन प्रदेशांपैकी हा एक. आज आपण जीआय टॅग म्हणतो ना, त्याचा हा पणजोबाच म्हणा.

नदीतून पिंपं नेणाऱ्या होड्या म्हणजे राबेलो. तेव्हा धरणं नव्हती आणि नदी जिवावरची होती. १८६१ मध्ये वालेइरा नावाच्या धबधबाट्यात होडी उलटून जोसेफ जेम्स फॉरेस्टर हा इंग्रज व्यापारी बुडाला. यानेच दौरोचा बारीक नकाशा काढला होता. त्याच होडीत दोना आंतोनिया फेरेइरा होत्या, खोऱ्यातल्या मोठ्या बागायतदार. त्या वाचल्या. आख्यायिका अशी, की त्यांचा घेरदार झगा पाण्यावर तरंगला आणि फॉरेस्टरला कमरेच्या पट्ट्यातल्या पैशांनी खाली ओढलं.

पण खरी मेख पुढे आहे. विसाव्या शतकात बराच काळ असा नियम होता, की पोर्ट निर्यात करायची तर ती गायाच्या गोदामांतूनच. डोंगरावरच्या लहान शेतकऱ्याला स्वतःच्या नावाने बाटली परदेशी पाठवता येत नव्हती. हे बंधन १९८६ मध्ये उठलं. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या भिंत बांधणाऱ्याचं नाव लेबलवर नव्हतंच.

त्यांच्या ताटात काय?

वाइन साहेबाच्या टेबलावर गेली. मग कामगार काय खायचा? काढणीला डोंगरापलीकडच्या गावांतून टोळ्या यायच्या. बायका द्राक्षं तोडायच्या, पुरुष पाठीवर पन्नासेक किलोच्या टोपल्या घेऊन उतार उतरायचे. त्यांचं खाणं म्हणजे सूप, भाकरीसारखा जाड पाव, खारवलेले मासे. आज हॉटेलात आपण हौसेने मागवतो ते हेच.

काल्दू वेर्द, म्हणजे 'हिरवं सूप'. बटाटा, कांदा, लसूण उकडून घोटायचं, त्यात केसासारखी बारीक चिरलेली गडद हिरवी पालेकोबी घालायची, वरून ऑलिव्ह तेल आणि शोरिसूची, म्हणजे डुकराच्या मसालेदार सॉसेजची, एक चकती. सोबत ब्रोआ, म्हणजे मका आणि रायचा पाव. शाकाहारी असाल तर 'सें शोरिसू' म्हणा, म्हणजे सॉसेजशिवाय. पण सूप मांसाच्या पाण्यात केलंय का, तेही विचारा.

रेग्वाजवळ लामेगो गाव आहे. तिथली बोला म्हणजे दोन थरांच्या पावामध्ये हॅम किंवा मासा भरून भाजलेली वडी. उत्तरेकडच्या मिरांदेलाची आल्येइरा हे लसणाचा वास येणारं, पाव आणि कोंबडीचं मांस भरलेलं सॉसेज. असं सांगतात, की पंधराव्या शतकाच्या शेवटी जबरदस्तीने धर्म बदलायला लावलेल्या ज्यूंनी शेजाऱ्यांना संशय येऊ नये म्हणून डुकराविना सॉसेज बनवून घरात टांगलं. ही गोष्ट शंभर टक्के खरी असो वा नसो, ती आजही सांगितली जाते हेच बोलकं आहे. सणाला मात्र भट्टीत भाजलेलं करडू आणि त्याच्या रसात शिजलेला भात.

आता जरा मागे जा आणि शब्द ऐका. तिथे पालेकोबीला म्हणतात 'कोव्ह', आपण म्हणतो कोबी. तिथे 'बताता', आपला बटाटा. तिथे 'पांव', आपला पाव. हे शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरले आणि आपलेच झाले. गोव्याचं विंदालूही तसंच: मूळ 'विन्या द आल्योश', म्हणजे वाइन किंवा व्हिनेगर आणि लसूण यांत मुरवलेलं मांस. त्यातल्या 'आलू'चा बटाट्याशी काही संबंध नाही, बरं का! त्यामुळे रेग्वाच्या खानावळीत मेन्यू वाचताना आपण वाटतो तितके परके नसतो.

चाखायला बसलात तर

रुबी पोर्ट मोठ्या टाक्यांत ठेवतात, म्हणून ती लाल आणि ताज्या फळांसारखी राहते. टॉनी लहान लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरते, हवा लागते, रंग तपकिरी होतो आणि अंजीर, मनुका, अक्रोड आठवतात. लेबलवर १०, २०, ३०, ४० असे आकडे दिसतील, ते वय सुचवतात. पेला लहान असतो तो उगाच नाही. ही वाइन तेज आहे, घोटाघोटाने प्या, मध्ये पाणी प्या. थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं, ते वापरण्यात काही कमीपणा नाही. आणि गाडी चालवणाऱ्याने प्यायचीच नाही. या रस्त्यांची वळणं आपल्या वरंधा घाटाची आठवण करून देतील.

खानावळीत न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवा. आणि 'मेया दोज' मागा. ही अर्धी प्लेट एकाला भरपूर होते.

आता प्रश्न आजचा

२००१ मध्ये युनेस्कोने या खोऱ्याच्या २४,६०० हेक्टर भागाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. पण वारसा रोज कोण सांभाळतं? लहान शेतकरी. दरवर्षी किती रसाची पोर्ट करायची याचा कोटा ठरतो आणि जमिनीला मिळालेल्या गुणांनुसार शेतकऱ्याला वाटा मिळतो. उतार, उंची, माती, सगळ्याला गुण. कोट्यातल्या द्राक्षाला भाव बरा, कोट्याबाहेरच्याला बराच कमी. जगात वाइनचा खप घटतोय, तसा अलीकडे हा कोटाही कापला गेलाय. तरुण मुलं शहराकडे जातात, हाताने तोडणी करायला माणूस मिळत नाही. यंत्र? अरुंद दगडी पायऱ्यांवर ते चढतच नाही.

शेतकऱ्याने हात काढला, तर पहिल्या पावसाळ्यात भिंत थोडी फुगते, काही वर्षांत ढासळते, आणि आणखी एक मोर्तोरियू तयार होतो. म्हणून कधी गेलातच, तर गायाच्या झगमगीत गोदामांत जरूर जा, पण एक दिवस डोंगरावरच्या एखाद्या छोट्या किंतासाठी ठेवा. किंता म्हणजे बाग आणि घर एकत्र. तिथे ज्याने वेल छाटली त्याच्याच हातून बाटली घेता येते. १९८६ पर्यंत परदेशी जाणाऱ्या बाटलीवर नसलेलं नाव आज त्याच्या लेबलवर असतं. ते एकदा मोठ्याने वाचा. उच्चार चुकला तरी तो हसून दुरुस्त करील.

आणि सूप आधी, पोर्ट नंतर. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा, खात राहा!