फुले गळाल्यानंतर

घोडबंदर रस्त्यावरील एखाद्या उंच इमारतीच्या सज्जात, समोर येऊरची डोंगररांग पावसाने काळवंडलेली असता, दोन-तीन महिने फुललेल्या फॅलेनॉप्सिस आमरीचे शेवटचे फूल गळते आणि त्या कुंडीची रवानगी थेट कचऱ्यात होते, ही गोष्ट मला फार खंत वाटण्याजोगी आहे; कारण ते रोप मृत नसून केवळ विश्रांतीस गेलेले असते. दांडा हिरवा असल्यास खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेऱ्याच्या किंचित वर तो स्वच्छ कात्रीने कापावा. तेथील सुप्त डोळा कित्येकदा पुनश्च फुटतो. दांडा वाळला असल्यास बुडाशीच छाटावा.

खरी जोखीम मुळांची. सह्याद्रीतील वृक्षांवर फुलणाऱ्या ‘सीतेची वेणी’ या आमरीप्रमाणे फॅलेनॉप्सिसचीही मुळे हवेत वाढणारी असून, त्यांच्यावर मृत पेशींचे स्पंजासारखे वेष्टन असते. ते कोरडे असता चंदेरी दिसते आणि पाणी पडताच, डोळ्यांदेखत, हिरवे होते. मुळे चंदेरी झाल्यावाचून पाणी देऊ नये, हाच शिरस्ता पाळावा. कुंडीत माती नको. नारळाच्या सोडणाचे तुकडे व लोणारी कोळसा पुरे. पावसाळ्यात पानांच्या बेचक्यात साचलेले पाणी तत्काळ टिपून घ्यावे, अन्यथा गाभा कुजतो.

पुढील बहराची तजवीज मात्र निसर्गच करतो: रात्रीचे तापमान काही आठवडे 20 अंशांच्या खाली राहिले म्हणजे नवा दांडा निघतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत, येऊरचा गारवा उतरू लागला की, ही कुंडी रात्री खिडकीशी ठेवावी.